तळ्यातील तण व जलचर

शाळेच्या बागेतील हौद असो वा गावाबाहेरील तळे, त्यात तण माजले की एखाद्या रविवारी श्रमदान योजून ते एकदम लख्ख करण्याचा मोह शिक्षकास व ग्रामस्थांस होतो. उत्साह स्तुत्य खरा. परंतु त्या एका दिवसात तणाबरोबर तळ्यातील पुष्कळसे जीवही काठावर येऊन पडतात, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

मुलांस हे सांगण्यापेक्षा दाखवावे. पांढऱ्या ताटलीत तळ्याचे पाणी घेऊन त्यात मूठभर तण हलकेच झटकावे. थोड्याच वेळात गोगलगाई, पाणकिडे व चतुरांची पिले हालचाल करताना दिसतील. चतुराचे पिलू दिसावयास कुरूप, पण डासांच्या अळ्या ते आवडीने खाते. तण समूळ उपटणारा गाव आपल्याच हाताने डासांचा एक शत्रू घालवीत असतो.

तण तसेच राहू द्यावे असा याचा अर्थ नव्हे. पाण्यातील वनस्पती दिवसा उन्हात प्राणवायू सोडतात. रात्री मात्र श्वसनासाठी त्याही तोच वापरतात. म्हणून दाट तणाच्या तळ्यात पहाटे प्राणवायू फार कमी होतो व मासे पृष्ठभागी तोंड काढून धापा टाकतात. कापलेले तण पाण्यातच सोडल्यास ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही खर्ची पडतो आणि मासे मरतात.

विरळणीस मार्गशीर्ष व पौष हे महिने सोयीचे. पावसाळ्यात बेडकांची अंडी पाण्यात असतात. कमळपक्षी तर तरंगत्या पानांवरच अंडी घालतो व ती उबविण्याचे काम नर करतो! उन्हाळ्यात पाणी आटून सारे जीव थोड्या जागेत कोंडलेले असतात. तेव्हाही तळ्यास हात लावू नये.

एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक तण काढू नये. दाताळ्याने ते हळूहळू काठाकडे ओढावे. तळाचा गाळ ढवळू नये. पाण्यात उतरण्याचे काम पोहता येणाऱ्या प्रौढांनीच करावे, मुलांनी काठावर थांबावे. काढलेले तण बादलीभर पाण्यात खळबळून, ते पाणी तळ्यात परत ओतावे. मग तणाचा पातळ थर अगदी काठाशी, तळ्याकडे उतार असेल अशा जागी, एक दिवस ठेवावा. राहिलेले जीव सरपटत पाण्यात जातात. दुसऱ्या दिवशी ते खतखड्ड्यात टाकावे. पुढील भाग तीन-चार आठवड्यांनी घ्यावा व शेवटचा एक तृतीयांश भाग तसाच राखावा.

जलपर्णीची गोष्ट निराळी. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली ही वनस्पती अनुकूल हवेत सुमारे पंधरवड्यात दुप्पट होते. तीत काही राखून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु तिच्या मुळांतही लहान मासे दडलेले असतात. म्हणून तीही धुऊन, आठवडाभरात टप्प्याटप्प्याने काढावी. उरलेली जलपर्णी मोकळ्या पाण्यावर पसरू नये यासाठी मध्ये बांबूंची तरंगती आड बांधावी. हे सर्व ती फुलण्यापूर्वी व्हावे, कारण तिचे बी चिखलात अनेक वर्षे टिकते. काढलेली रोपे ओढ्यात कदापि टाकू नयेत.

गुरे धुण्याची जागा तळ्याच्या काठीच असेल, तर शेणामुताच्या खताने तण पुन्हा माजणारच. ती जागा उताराच्या खालच्या अंगास हलविण्याविषयी ग्रामपंचायतीशी बोलणी विरळणीपूर्वीच करावीत.