माउंटची चूक शोधताना



डॉकरच्या कंटेनरमध्ये डिरेक्टरी माउंट करताना येणाऱ्या चुका शोधू लागण्यापूर्वी एवढे पक्के समजून घ्यावे की माउंट करणे म्हणजे होस्टवरील, अर्थात ज्या संगणकावर कंटेनर चालतो त्यावरील, एखादी डिरेक्टरी कंटेनरमधल्या ठरावीक पाथवर जोडणे होय. तिची प्रत तेथे नेली जात नाही, मूळ डिरेक्टरीच दोन्हीकडून दिसते. त्यामुळे एररचा संदेश कंटेनर सुरू होताना आला तरी दोष बहुधा होस्टवर असतो, आणि ज्यावरून कंटेनर तयार होतो ती इमेज पुन्हा पुन्हा बिल्ड करण्यात घालवलेला वेळ वाया जातो.

डॉकर रन या आज्ञेला जोडणी सांगण्याचे दोन पर्याय आहेत. 'व्ही' हा आखूड पर्याय वापरला आणि होस्टवरचा पाथ अस्तित्वातच नसला, तर डॉकर तक्रार न करता त्या नावाची रिकामी डिरेक्टरी तयार करतो; 'माउंट' हा लांब पर्याय मात्र असा पाथ नाही असे सांगून तेथेच थांबतो. लिहायला लांब असला तरी नवशिक्याने दुसराच वापरावा, कारण पहिल्याची मदत पुढे महागात पडते. समजा एनजिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग फाइल जोडायची आहे आणि पाथमध्ये एक अक्षर चुकले, तर त्या चुकीच्या नावाची डिरेक्टरी होस्टवर निर्माण होते, ती कंटेनरमधल्या फाइलवर जोडता येत नाही, आणि फाइलवर डिरेक्टरी माउंट करता आहात काय, असा प्रश्न पडद्यावर येतो. नंतर पाथ दुरुस्त केला तरी ती रिकामी डिरेक्टरी मागे उरते, तिची मालकी सहसा रूटकडे असते, आणि ती आठवणीने काढावी लागते. आखूड पर्यायात स्लॅश न देता नुसते नाव लिहिले, तर तो पाथ न मानता व्हॉल्यूमचे, म्हणजे डॉकरने स्वतः सांभाळायच्या साठ्याचे, नाव मानले जाते, हेही ध्यानात असू द्यावे.

जोडणी झाली पण फाइली गायब, अशी तक्रारही वारंवार ऐकू येते. होस्टवरची डिरेक्टरी जोडली की इमेजमध्ये त्या जागी असलेला मजकूर झाकला जातो. तो पुसला जात नाही, पण त्या कंटेनरला दिसतही नाही. नाव दिलेल्या रिकाम्या व्हॉल्यूमचे तसे नाही, त्यात इमेजमधील मजकूर पहिल्या वेळी उतरवला जातो. नोडच्या प्रकल्पात सगळा कोड माउंट केल्यावर इमेजमध्ये बसवलेली मॉड्यूल्स सापडेनाशी होतात, त्याचे कारण हेच.

परवानगी नाकारली, या संदेशावर मात्र सर्वाधिक सावकाश विचार करावा. लिनक्सचे कर्नल फाइलीची मालकी नावावरून पाहत नाही, यूजर आयडी या आकड्यावरून पाहते. होस्टवरील डिरेक्टरी १००० या आकड्याची असेल आणि कंटेनरमधील प्रोग्राम ९९९ या आकड्याने चालत असेल, तर दोन्हीकडे यूजरचे नाव एकच असूनही लिहिणे नाकारले जाऊ शकते. अशा वेळी सगळ्यांना सगळे खुले करणारी ७७७ ही परवानगी देऊन मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण त्याने डेटा उघडा पडतो, आणि पोस्टग्रेस डेटाबेस तर आपली डेटा डिरेक्टरी अशी खुली दिसल्यास सुरूच होत नाही. एलएस आज्ञेला 'एलएन' हा पर्याय देऊन दोन्ही बाजूंचे आकडे पाहावेत आणि ते जुळवावेत. आकडे जुळूनही नकार येत असेल आणि होस्ट फेडोरा किंवा रेड हॅटचा असेल, तर एसईलिनक्स ही फाइलींना लेबल लावून पहारा ठेवणारी व्यवस्था आड येत असण्याचा संभव असतो. 'व्ही' पर्यायाच्या शेवटी झेड अक्षर जोडल्याने लेबल बदलते, परंतु संपूर्ण होम डिरेक्टरीवर हा उपाय कधीही करू नये, होस्टचेच काम अडू शकते.

मॅक व विंडोजवर डॉकर डेस्कटॉप एका लिनक्स व्हर्च्युअल मशिनमध्ये चालतो, म्हणून मॅकवर त्याच्या सेटिंग्जमध्ये शेअर केलेल्या डिरेक्टरीच जोडता येतात. प्रत्यक्षात काय जोडले गेले याचा अंदाज बांधत बसण्याऐवजी डॉकर इन्स्पेक्टच्या उत्तरातील माउंट्स हा भाग वाचावा. तेथे होस्टचा पाथ, कंटेनरमधला पाथ आणि लिहिण्याची मुभा आहे की नाही, हे तिन्ही नोंदलेले असते. डेटाबेसच्या डिरेक्टरीची मालकी बदलायची वेळ आलीच, तर आधी कंटेनर थांबवावा आणि डेटाची प्रत वेगळी काढून ठेवावी.