तीन मोटारी अन् अकोल्याची वाट

सोनू, रॉकेटला एकीच्या जागी तीन मोटारी बसवायच्या अन् ते अमरावतीहून अकोल्याला प्रदर्शनात न्यायचं, असं ठरवलंस म्हणे. ने ना, कोण अडवतंय! आईसमोर बोलले असते तर तिने रॉकेटच अडगळीत टाकलं असतं, म्हणून तुलाच सांगते.

तीन मोटारी म्हणजे तिप्पट जोर, हे अर्धंच खरं. एक मोटार शंभरात 95 वेळा पेटते असं धर. तिन्ही पेटायची शक्यता साधारण 86 वरच येते. अन् एक जरी रुसली तर जोर एका अंगाला पडून रॉकेट बघणाऱ्यांकडेच वळायचं. हे इस्रोलाही चुकलं नाही. 28 मार्च 2001 ला जीएसएलव्हीच्या चार द्रवइंधनी बूस्टरांपैकी एकाला पुरेसा जोर आला नाही अन् संगणकाने उड्डाण रोखलं. ते रॉकेट उडालं 18 एप्रिलला. रोखता आलं, कारण मधली घनइंधनाची मोटार तोवर पेटवलीच नव्हती. ती एकदा पेटली की विझत नाही. तुझ्या तर तिन्ही घनइंधनाच्या!

त्यात मोटारीची ताकद इंग्रजी अक्षराने सांगतात, अन् प्रत्येक पुढच्या अक्षराला ती दुप्पट: सी 10 न्यूटन-सेकंदांपर्यंत, डी 20 पर्यंत. दोन सींचं काम एक डी करते. मी असते तर डीच घेतली असती. पण तू हट्टी. मग निदान तिन्ही मधल्या आसापासून सारख्या अंतरावर बसव अन् त्या पेटवणारे इग्नायटर समांतर जोड. एकामागे एक जोडलेस तर पहिला जळून तुटला की बाकीच्यांची वीज बंद. शेपटी जड होईल, तेव्हा नाकात वजन भर. मोटारींच्या वजनाचं काहीतरी आत घालून, रॉकेट दोरीला बांधून गरगर फिरवून पाह्यजो. नाक पुढे राहिलं तर तोल बरोबर.

अन् फटाक्यांची दारू काढून नळीत ठासून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर तिथून उठून येजो. स्फोटकांचा कायदा 1884 पासूनचा आहे, अन् तो राबवणाऱ्या पेसोचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. कारखान्यातली मोटार घ्यायची तरी काय लागतं, ते तुझ्या सरांना तिथे लेखी विचारायला लाव.

बडनेऱ्याहून गाडी सोयीची खरी, पण मोटारी घेऊन चढायचं नाही. रेल्वे कायद्याच्या 164 व्या कलमात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एसटीतही नाही. खासगी गाडीने न्याव्या म्हणशील, तर उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो, बंद गाडीच्या डिकीचं तर विचारूच नको. मोटारीतल्या काळ्या दारूचा गठ्ठा असा तापून-निवून नळीपासून सुटतो, तडकतो. बाहेरून काही दिसत नाही. पेटवली की नळीच फुटते. डिकीत तापलेली मोटार कुणी फुकट दिली तरी नको.

रिकामं धूड मात्र खुशाल ने. पंख सुटे करून, पीव्हीसी पाइपात, भोवती कापूस कोंबून. वऱ्हाडात कापसाला काय तोटा? फक्त कापूस अन् मोटार एका पिशवीत नको.

मोटारी नाहीच जमल्या तर सोड्याच्या बाटल्या अन् सायकलचा पंप आहेच. रॉकेट पाण्यावरही झकास उडतं, अन् रिकाम्या बाटल्यांना गाडीत कुणी हटकत नाही. पाणी अकोल्यातच भर. खारपाणपट्ट्यातलं असलं तरी चालेल, रॉकेट काही ते पिणार नाही.