देव जाळ्यात आला, त्या गावची जत्रा

टोकियोच्या आसाकुसा भागात मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवार-रविवारी, आदल्या शुक्रवारपासूनच, सांजा मात्सुरी भरते. मात्सुरी म्हणजे आपल्याकडची जत्राच. आम्ही निशी-कासाईला राहतो. तिथे मराठी घरं बरीच आहेत. माझं माहेर शीव कोळीवाडा. लेक नुकती घरभर धावायला लागली होती आणि आई मुंबईहून आली होती. "एवढ्या गर्दीत लेकरू कशाला नेता?" असं बहुतेकांनी विचारलं. मला मात्र वाटतं, लेकरू न्यावंच. कसं न्यावं, ते अनुभवावरून सांगते.

१. बॅग भरण्याआधी गोष्ट ऐकून घ्या.

गोष्ट अशी. साल ६२८. हिनोकुमा हामानारी आणि ताकेनारी हे दोघे कोळी भाऊ सुमिदा नदीत जाळं टाकून बसले होते. मासळी आलीच नाही, जाळ्यात आली एक छोटी मूर्ती. परत पाण्यात सोडली, तर जाळं टाकावं तिथे तीच मूर्ती. गावचा मुखिया हाजी नो नाकातोमो याने ती ओळखली: कान्नोन, करुणेचं रूप. त्याने आपल्या घराचंच देऊळ केलं. तेच आजचं सेन्सोजी. या तिघांना देव मानून शेजारी आसाकुसा देवस्थान उभं राहिलं. आजची त्याची इमारत १६४९ ची, शोगुन तोकुगावा इएमित्सूने बांधवलेली. १९२३ चा भूकंप आणि १९४५ चे बॉम्बहल्ले या दोन्हींतून ती वाचली.

म्हणजे ही जत्रा दोन कोळ्यांची आणि त्यांच्या मुखियाची आहे. देवस्थानाचं चिन्हसुद्धा तीन जाळी! कंदिलांवर, पडद्यांवर, सगळीकडे तीच. माझे आजोबा खाडीत पाग टाकायचे. आईने ते चिन्ह पाहिलं, मी गोष्ट सांगितली, तशी ती लेकीला उचलून दाखवायला लागली, "यो तं आपलाच देव हाय गो!" कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. कान्हेरीच्या लेण्यांत तो अकरा मुखांचा कोरलेला आहे, आणि तिथल्याच दुसऱ्या एका शिल्पात बुडत्या गलबतातली माणसं त्याचा धावा करताना दिसतात. आईला हे सांगितल्यावर तिचा दिवसभराचा परकेपणा गेला. लहान मुलाबरोबर बाहेर पडलेली मोठी माणसं कुठे रमली, तर मूलही रमतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

२. शनिवार धरा.

शुक्रवारी शोभायात्रा असते. रविवारी पहाटेच देवस्थानाच्या तीन मुख्य मिकोशी, म्हणजे देवाचे खांद्यावरचे देव्हारे, निघतात आणि मग गर्दीत मुंगीला वाट मिळत नाही. शनिवार वस्त्यांचा. चव्वेचाळीस आळ्यांच्या मिळून शंभरेक मिकोशी, त्यांत मुलांच्या छोट्या मिकोशीही, सेन्सोजीच्या मागच्या आवारात जमतात आणि दुपारी बाराच्या सुमारास एकेक करून बाहेर पडतात. लहान मूल असेल तर शनिवारी सकाळी लवकर पोचा.

३. बाबागाडी घरी राहू द्या.

निशी-कासाईहून तोझाई लाइनने निहोम्बाशी, तिथून गिन्झा लाइनने आसाकुसा. गिन्झा लाइन १९२७ मध्ये सुरू झाली, आशियातली पहिली भुयारी रेल्वे. त्यामुळे स्टेशनं जुनी आणि जिने अरुंद. देवळाकडे जाणारी नाकामिसे गल्ली अडीचशे मीटरची, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि मध्ये माणसांचा लोंढा. मूल पोटाशी बांधायची पिशवी घ्या किंवा सरळ कडेवर. आई आणि मी लेकीला आळीपाळीने घेतलं. कडेवरच्या मुलाला आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून जत्रा दिसते. गाडीतल्या मुलाला दिसतात ते नुसते गुडघे.

४. मिकोशी बघा, पण बाहेर पडायची वाट जवळ ठेवा.

मुख्य मिकोशीचं वजन टनाच्या घरात जातं. ती शांतपणे नेत नाहीत. मुद्दाम वरखाली हलवतात, त्याने देवाचं तेज वाढतं अशी श्रद्धा. कार्ल्याला चैत्रात एकवीरेची पालखी खांद्यांवर कशी उसळते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावावं लागत नाही. "सोइया, सोइया" असा ठेका चालतो आणि अख्खा घोळका एका बाजूला झुकतो. पूर्वी लोक मिकोशीवर चढायचे. २००७ मध्ये ते इतकं हाताबाहेर गेलं, की २००८ ला मुख्य मिकोशी काढल्याच नाहीत. आता बंदोबस्त कडक असतो. तरी भिंत पाठीशी घेऊन उभं राहू नका, घोळका तिकडे सरकला तर जागा उरत नाही. आडगल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं. ढोल आणि आरोळ्या जवळ आल्या की लेक दचकायची, तेव्हा मी चार पावलं मागे जायचे, ठेका दूर गेला की पुन्हा पुढे. थोड्या वेळाने तीच पुढे बोट दाखवायला लागली.

सेन्सोजीच्या कामिनारिमोन दरवाजातला तो प्रसिद्ध लाल कंदील या दिवसांत घडी करून वर उचललेला असतो, मिकोशी खालून जावी म्हणून. त्यासमोर फोटोची आशा धरून जाऊ नका.

५. खाणं जपून.

ताकोयाकीत ऑक्टोपसचा तुकडा असतो. आमच्या घरात तो नको म्हणणारं कोणी नाही, पण आतून ते गोळे फार गरम असतात. फोडून, पूर्ण निववून द्या. मोची आणि दांगो हे तांदळाचे गोळे लहान मुलांना अजिबात देऊ नका. चिकट असतात, घशात अडकतात. आम्ही घरून मऊ भात आणि पापलेटचा काटा काढलेला तुकडा नेला होता. प्यायला 'मुगीचा', म्हणजे सातूचा थंड काढा; जपानी घरांत तो तान्ह्यांनाही देतात. कचऱ्याची पिशवी सोबत असू द्या; रस्त्यावर डबे जवळजवळ नसतातच.

६. मुलाच्या अंगावर नाव आणि फोन नंबर हवाच.

जपानी अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी आम्ही फ्रॉकला आतून शिवली. सेन्सोजीच्या आवारात हरवलेल्यांचा एक दगड आहे, तो नक्की बघा. शोगुनांच्या एदो काळाच्या अखेरीला, १९२३ च्याही आधीच्या एका मोठ्या भूकंपानंतर उभारलेला. एका बाजूला माणसाला शोधणाऱ्यांनी चिठ्ठी लावायची, दुसऱ्या बाजूला ज्यांना कोणी सापडलंय त्यांनी. युद्धात तो फुटला, नंतर पुन्हा उभारला. गर्दीच्या गावाने हरवलेल्या लेकरांची इतकी काळजी केली, यामुळे मला ते गाव जवळचं वाटलं. आईने त्या दगडाला हात लावून नमस्कार केला.

७. मागच्या आळ्यांत शिरा. जत्रा तिथे आहे.

हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. देवळाच्या आवारात आपण बघे असतो. दोन गल्ल्या मागे गेलं, की प्रत्येक आळीचा मांडव लागतो. तिथे देवाला साके, म्हणजे तांदळाची दारू, ठेवलेली असते, आळीची मिकोशी टेकवलेली असते, म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसलेली असतात. मिकोशीला खांदा द्यायचा तर त्या आळीचा अंगरखा अंगावर लागतो, परक्याला तो मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मुलांसाठी चाकांवरचा ढोलाचा गाडा असतो. त्याला लांब जाड दोर बांधलेला, आणि आळीतली पोरं तो ओढत नेतात. शाळकरी पोरं पुढे, चिमुकली मागे, आयांचा हात धरून. आम्ही बाजूला उभ्या होतो. मांडवातल्या एका आजीने लेकीकडे पाहिलं, दोर तिच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला चालायला लागली. लेक कोपऱ्यापर्यंत गेली. शेवटी सगळ्या पोरांना खाऊच्या पुड्या वाटल्या, तिलाही मिळाली.

सुमिदेच्या दोन्ही काठांना आता काँक्रीटच्या भिंती आहेत. तिथे पोटासाठी जाळं टाकणारं कोणी मला दिसलं नाही. आमच्या शीव कोळीवाड्याचंही तेच. खाडी होती, मिठागरं होती, भराव पडत गेला आणि पाणी लांब गेलं. फाळणीनंतर शेजारी निर्वासितांची छावणी वसली, कोळीवाडा स्टेशनचं नाव गुरू तेग बहादूर नगर झालं, 'कोळीवाडा' हे नाव हॉटेलांच्या तळलेल्या कोलंबीला चिकटलं. पंजाबी शेजाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांच्यातच मी वाढले. पण पाणी गेल्यावर कोळीवाड्याकडे कोळीवाडा म्हणून काय उरतं, हा प्रश्न मी लहानपणापासून बाळगून आहे. आसाकुसाने तो माझ्यापुरता सोडवला. तिथली बहुतेक माणसं दुकानदार, नोकरदार आहेत, कोळी नाहीत. तरीही चौदाशे वर्षांपूर्वीच्या दोन कोळ्यांना ती खांद्यावर घेतात, कारण चालायला शिकलेल्या पोराच्या हातात दरवर्षी कोणीतरी दोर देतं.

८. दुपारी दोनला निघा.

मूल झोपेला येतं, आणि संध्याकाळी कंदील लागले की गर्दी दुप्पट होते. कपडे बदलायचे असतील तर स्टेशनालगतच्या मात्सुया दुकानात सोय आहे. लेक मेट्रोत झोपली, खाऊची पुडी मुठीत होती.

घरी आल्यावर आईने शीवला फोन लावला. येत्या श्रावणात आम्ही मुंबईत असू. नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत आमच्याकडे लहान पोरं बापाच्या खांद्यावर नाहीतर आईच्या कडेवर असतात, त्यांच्या हाताला काही काम नसतं. यंदा नारळाची सजवलेली होडी गाडीवर ठेवायची आणि तिला पोरांना धरता येईल असा दोर बांधायचा, असं तिने आळीतल्या बायकांना आत्ताच सांगून ठेवलंय. दोर कुणाच्या घरचा घ्यायचा, यावर त्यांची चर्चा चालू आहे.