एमबीएची तयारी आणि क्लासची घाई

मूल पदवीच्या पहिल्या वर्षाला गेले, की अनेक घरांत एमबीएचा विषय निघतो आणि त्यापाठोपाठ कॅट या प्रवेश परीक्षेच्या क्लासची चौकशी सुरू होते. दोन-दोन, तीन-तीन वर्षे चालणारे कोर्स आता सहज मिळतात, आणि फी लवकर भरली म्हणजे तयारी लवकर सुरू झाली, असे पालकांना मनापासून वाटते. त्यांची काळजी खरी आहे, दिशा मात्र चुकते. चांगल्या व्यवस्थापन संस्थेत जायचे तर तयारी लवकर सुरू व्हायलाच हवी. पण ज्या गोष्टी घडायला वर्षे लागतात त्यांची. परीक्षेच्या सरावाला बहुतेकांना शेवटचे एक वर्ष पुरते.

निवड प्रत्यक्षात कशी होते ते पाहू. 2024 च्या कॅटसाठी सुमारे 3.29 लाख जणांनी नोंदणी केली आणि 2.93 लाख जण परीक्षेला बसले. म्हणजे 99 पर्सेंटाइल किंवा त्याहून अधिक मिळवणारेच 2,900 च्या घरात जातात. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत (आयआयएम) दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमाच्या जागा आहेत साधारण चारशे. इतक्या गर्दीतून माणसे निवडायला एका दिवसाचे गुण अपुरे पडतात. म्हणून मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवताना अहमदाबाद कॅटच्या गुणांबरोबर दहावी, बारावी आणि पदवीचे गुण व नोकरीचा अनुभवही मोजते, आणि अंतिम यादीत मुलाखतीला अलीकडच्या वर्षांत जवळपास निम्मे वजन मिळत आले आहे. इतर आयआयएमची सूत्रे वेगळी आहेत, ती बदलतही असतात, पण आधीच्या गुणांना बहुतेक ठिकाणी काही ना काही स्थान आहे. कॅट यंदा बिघडली तर पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा देता येते. पदवीच्या दुसऱ्या सेमिस्टरला लागलेली केटी किंवा घसरलेला सीजीपीए मात्र गुणपत्रिकेवर कायम राहतो. पहिल्या वर्षापासून शनिवार-रविवार क्लासला देऊन स्वतःच्या विषयाकडे दुर्लक्ष करणारा विद्यार्थी दुरुस्त होणारी गोष्ट सांभाळतो आणि न होणारी गमावतो.

खुद्द कॅटचे स्वरूपही हेच सांगते. परीक्षा दोन तासांची, प्रत्येकी चाळीस मिनिटांचे तीन विभाग. गणिताचा मोठा भाग शाळेतलाच: टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, बीजगणित, भूमिती. ज्याचे आठवी ते दहावीचे गणित समजून झाले आहे त्याला वर्षभराच्या सरावाने वेग येतो. ज्याने ते पाठ करून काढले आहे त्याला तीन वर्षांचा क्लासही जड जातो. खरी कसोटी इंग्रजीच्या विभागात लागते. तिथल्या 24 प्रश्नांपैकी 16 उताऱ्यांवर असतात, आणि उतारे तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थशास्त्र, पर्यावरण अशा कुठल्याही क्षेत्रातून येतात. लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, त्याने काय गृहीत धरले आहे, हे पाच-सात मिनिटांत ओळखावे लागते. शॉर्टकटने हे जमत नाही. त्याला रोज अर्धा-पाऊण तास गंभीर वाचन लागते आणि ते तीन-चार वर्षे टिकावे लागते. मराठी माध्यमाच्या मुलांचे पालक इथे धास्तावतात. पण युक्तिवाद पकडण्याची सवय कोणत्याही भाषेत लागते, आणि जो मराठी दैनिकाचा अग्रलेख नीट वाचून त्यातले न पटणारे विधान दाखवू शकतो त्याचे निम्मे काम झालेले असते. उरलेले निम्मे, म्हणजे इंग्रजी वाचनाचा वेग, अकरावीपासून रोज एक लेख वाचूनही कमावता येतो. मात्र तो शेवटच्या सहा महिन्यांत येत नाही.

मुलाखतीबद्दल तर आपल्याकडे फारच गैरसमज आहेत. ती फर्ड्या इंग्रजीची परीक्षा आहे असे समजून मुलांना व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांना पाठवले जाते. प्रत्यक्षात उमेदवाराला त्याच्या पदवीच्या विषयातले मूलभूत प्रश्न विचारले जातात, त्याने अर्जात लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीचा माग काढला जातो, त्याच्या गावाबद्दल आणि चालू घडामोडींबद्दल विचारले जाते. सांगलीच्या मुलाला हळदीचा बाजार कसा चालतो, कोल्हापूरच्या मुलीला उसाची एफआरपी, म्हणजे किमान दर, कोण ठरवते, असा प्रश्न येऊ शकतो. अर्थशास्त्राच्या पदवीधराला महागाई आणि व्याजदराचा संबंध उलगडता आला नाही, तर बाकीचा सफाईदारपणा कामाला येत नाही. याच कारणाने विकत मिळणारी प्रमाणपत्रे आणि महिनाभराच्या नावापुरत्या इंटर्नशिप यांवर पैसे घालवू नयेत. वडिलांच्या दुकानाची जीएसटीची बिले दोन वर्षे सांभाळणारी, एनएसएसच्या शिबिराचा खर्च बसवणारी किंवा कॉलेजच्या महोत्सवासाठी प्रायोजक मिळवणारी मुलगी त्या कामावर अर्धा तास बोलू शकते, कारण ते तिने केलेले असते.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सारे दहावीपासूनच मोजले जात असेल तर मुलांवर आणखी ओझे येईल. मला तसे वाटत नाही. मी सुचवतो आहे ते म्हणजे हाती असलेला अभ्यास समजून करणे, वाचणे आणि एखाद्या कामाला टिकून राहणे. मुलाने पुढे एमबीए केले नाही, तरी यातले काही वाया जात नाही. तीन वर्षांच्या क्लासबद्दल असे म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ज्यांचे दहावी-बारावीचे गुण आधीच कमी आहेत त्यांनी काय करायचे? त्यांच्यासाठीही वाटा आहेत. मुंबईची जमनालाल बजाज ही 1965 मध्ये सुरू झालेली नावाजलेली संस्था. तिथला प्रवेश मुख्यतः प्रवेश परीक्षेच्या गुणांवर, सीईटी सेलच्या केंद्रीय प्रक्रियेतून होतो. शिवाय पदवीनंतर दोन वर्षे चांगली नोकरी केली तर अनुभवाचे गुण मिळतात आणि मुलाखतीत बोलण्यासारखे खूप काही हाती येते. घरच्यांनी या दोन वर्षांना वाया गेलेली वर्षे म्हणणे थांबवावे. जुन्या आयआयएमची फी आज वीस लाखांच्या पुढे आहे. इतका खर्च करण्याआधी आपल्याला काय शिकायचे आहे हे मुलाला कळलेले असणे त्याच्या हिताचे आहे.

एक काम मात्र खरोखर पालकांनी लवकर करायचे आहे, आणि तेच बहुधा राहून जाते: आरक्षणाची आणि इतर कागदपत्रे तयार ठेवणे. ओबीसी उमेदवाराला नॉन-क्रीमी लेयरचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात लागते; राज्याच्या नमुन्यातले चालत नाही, आणि जात केंद्राच्या यादीत आहे की नाही तेही पाहावे लागते. राज्याने दिलेले मराठा समाजाचे एसईबीसी आरक्षण आयआयएममध्ये लागू नाही. निकषांत बसणाऱ्या कुटुंबांनी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे (ईडब्ल्यूएस) प्रमाणपत्र काढावे. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव, आधारवरचे नाव आणि पदवीच्या गुणपत्रिकेवरचे नाव जुळते का हेही तपासावे. कॅटचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि तहसील कार्यालयातून कागद निघायला वेळ लागतो.

प्रत्येक आयआयएम आपले प्रवेश धोरण संकेतस्थळावर प्रसिद्ध करते, ते वाचायला पैसे पडत नाहीत. क्लासची फी भरण्याआधी मुलाला शेजारी बसवून अशी तीन-चार धोरणे शेवटपर्यंत वाचा.