पर्सनल ट्रेनरची प्रमाणपत्र परीक्षा आणि जिममधील प्रत्यक्ष काम

पर्सनल ट्रेनर म्हणून काम करण्यासाठी भारतात कायद्याने परवाना सक्तीचा नाही, आणि त्यामुळे पुण्या-मुंबईच्या जिममध्ये नोकरीसाठी येणाऱ्या तरुणाच्या ज्ञानाचा लेखी पुरावा म्हणून बहुधा त्याच्या प्रमाणपत्राकडेच पाहिले जाते. अशा प्रमाणपत्रांपैकी १९८५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज, अर्थात एसीई, या संस्थेचे प्रमाणपत्र या व्यवसायात सुपरिचित असून, तिच्या परीक्षेत तीन तासांत १५० बहुपर्यायी प्रश्न सोडवावे लागतात आणि २०० ते ८०० या गुणश्रेणीत किमान ५०० गुण मिळवावे लागतात. या परीक्षेचा प्रत्यक्ष कामात काहीच उपयोग नाही, असे जुने ट्रेनर अनेकदा सांगतात. मात्र प्रस्तुत लेखकाला जिममध्ये जे पाहायला मिळाले, त्यावरून हे मत अर्धेच खरे ठरते, आणि त्यातील खोटा अर्धा भाग धोक्याचा आहे.

परीक्षार्थी सर्वाधिक वेळ देतात तो स्नायूंची नावे पाठ करण्याला आणि आकडेमोडीला, कारण तेथे गुण हमखास मिळतात. क्लायंटची पूर्वतपासणी, म्हणजे व्यायामास आरंभ करण्याआधी त्याचे आजार, औषधे आणि लक्षणे यांची केलेली चौकशी, आणि कार्यकक्षा, म्हणजे ट्रेनरने कोठे थांबून डॉक्टरकडे पाठवावे याची मर्यादा, हे विषय मात्र वरवर वाचले जातात. वास्तविक संपूर्ण अभ्यासक्रमात रोजच्या कामाशी सर्वांत जवळचे नाते याच दोन विषयांचे आहे.

एका जिममध्ये नुकताच उत्तीर्ण झालेला ट्रेनर बावन्न वर्षांच्या गृहस्थांना ट्रेडमिलवर चालवीत असतानाचा प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. २२० मधून वय वजा करून कमाल हृदयगती १६८ आणि तिच्या ऐंशी टक्के म्हणजे सुमारे १३४ ठोके, हे गणित त्याने अचूक केले होते. परंतु ठोके ११० च्या पुढे जाईनात, तेव्हा तो "सर, अजून थोडं" म्हणत चढ वाढवीत गेला, आणि गृहस्थांनी दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली, त्यांचा चेहरा पांढरा पडला तरी त्याची नजर पडद्यावरील आकड्यावरच होती. शेजारच्या ट्रेनरने ट्रेडमिल थांबवून त्यांना बसविले, म्हणून पुढचा अनर्थ टळला. त्या गृहस्थांना रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके संथ ठेवणाऱ्या गटातील, गोळी चालू होती. अशा क्लायंटच्या बाबतीत वयावरून काढलेला आकडा निरुपयोगी ठरतो, आणि त्याऐवजी त्याला स्वतःला किती श्रम जाणवतात हे ६ ते २० या बोर्गच्या मोजपट्टीवर विचारावे, किंवा चालताना तो पूर्ण वाक्य बोलू शकतो की नाही हे पाहावे, ही माहिती परीक्षेच्या अभ्यासातच येते. शिवाय हे सूत्र निरोगी माणसाच्या बाबतीतही सरासरीच सांगते आणि त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. सूत्र आणि औषधांची माहिती ही दोन वेगवेगळ्या प्रकरणांत असली तरी समोर उभ्या असलेल्या एका माणसाच्या ठायी ती एकत्र येतात, हे परीक्षार्थ्याने अभ्यास करतानाच ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

गोळीची नोंद कागदावर नव्हती, याचे कारणही समजून घेण्याजोगे आहे. अनेक जिममध्ये पूर्वतपासणीचा फॉर्म इंग्रजीत असतो आणि पैसे भरण्याच्या घाईत न वाचताच त्यावर सही होते. "काही त्रास आहे का?" असे विचारल्यास गोळीने बीपी आटोक्यात असलेला माणूस अगदी प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो, कारण त्याच्या लेखी तो आजार उरलेलाच नसतो, "सकाळी उठल्यावर कोणकोणत्या गोळ्या घेता?" असे विचारल्यास मात्र तोच खिशातून पाकीट काढून दाखवितो. म्हणून पीएआर-क्यू या सात प्रश्नांच्या प्रमाणित प्रश्नावलीतील प्रत्येक प्रश्न मराठीत, बसून आणि दुसरे कोणी ऐकत नसताना विचारण्याचा सराव परीक्षेच्या तयारीतच करावा. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांना शेवटचे जेवण आणि इन्सुलिनची वेळही विचारावी, कारण व्यायामाने त्यांची साखर एकाएकी उतरू शकते.

परीक्षेची खरी उणीव वेगळ्या ठिकाणी आहे. बहुपर्यायी प्रश्नाला ट्रेनरचे हात आणि डोळे तपासता येत नाहीत. बेंच प्रेसला स्पॉटिंग करताना, म्हणजे उचलणाऱ्याच्या डोक्यामागे उभे राहून बार सांभाळताना, एक तळवा स्वतःकडे आणि एक समोर अशी पकड ठेवावी, हे वाचून कळते. पण बार छातीवर अडकण्याच्या आधी मनगट कसे मागे वळते आणि एक कोपर कसे आधी खचते, हे जाणत्या ट्रेनरशेजारी उभे राहून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वीच एखाद्या अनुभवी ट्रेनरच्या हाताखाली काही महिने काढणे अधिक शहाणपणाचे, आणि जेथे नाडी व रक्तदाब स्वतः मोजण्याचा सराव मिळतो अशी शिकवणी निवडणे हे चकचकीत जाहिरात पाहून निवडण्यापेक्षा केव्हाही हितावह.

एसीईचे प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नव्याने करून घ्यावे लागते आणि त्यासाठी वीस तासांचे पुढील शिक्षण अपेक्षित असते. क्लायंटचा फॉर्म मात्र इतका काळ जुना ठेवता येत नाही, कारण डॉक्टर औषध बदलतात आणि ती गोष्ट जिममध्ये कोणी आपण होऊन सांगत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी आणि प्रत्येक मोठ्या आजारपणानंतर तो फॉर्म पुन्हा समोर ठेवून गोळ्यांची नावे नव्याने लिहून घ्यावीत, आणि अनोळखी नाव आढळल्यास क्लायंटच्या डॉक्टरांची लेखी संमती येईपर्यंत त्या दिवशीचा व्यायाम हलका ठेवावा.