माशांच्या टाकीची मागची काच : रंग कोणता द्यावा?

काचकाम करणाऱ्या बंधूंकडे गिऱ्हाईक फिश टँक बनवायला येते, तेव्हा मागची काच रंगवूनही मागते. काम लहान, पण चुकले तर मासे मरतात आणि कारागिराचे नाव जाते.

पहिली गोष्ट, रंग काचेच्या बाहेरच्या बाजूनेच द्यावा. आतला रंग पाण्यात सुटतो व माशांना बाधतो. सिलिकॉन पूर्ण वाळल्यावर टाकी भरून एक दिवस गळती पाहावी, मगच ती रिकामी करून रंगवावी. सांध्यांवर मास्किंग टेप लावून तेवढी पट्टी मोकळी ठेवावी. पुढे गळती झाली तर जागा लगेच सापडते.

आता रंग. डिस्टेंपर ओल लागताच धुऊन जातो, तो नको. ऑइल पेंट टिकतो, पण वास जास्त आणि काढताना त्रास. आम्ही भिंतीचा प्लास्टिक पेंट सुचवतो. त्याला वास कमी, आणि गिऱ्हाइकाला नको झाला तर ब्लेडने खरवडता येतो. काळ्या किंवा गडद निळ्या रंगावर मासे उठून दिसतात.

काच धुऊन स्पिरिटने पुसावी. एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात द्यावेत. पहिला वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. पावसाळ्यात महाबळेश्वर, पाटणकडे सांगलीपेक्षा जास्त थांबावे लागते. शेवटी मागे बल्ब धरून समोरून पाहावे. उजेड दिसला तर आणखी एक हात द्यावा.

बिलावर रंगाचा प्रकार लिहावा. पुढे दुरुस्तीला आलेल्या टाकीवर वाद होत नाही.