दारात उमेदवार येतात तेव्हा

पालकहो, निवडणुकीच्या दिवसांत आपण जेवताना जे बोलतो, ते मुलं दुसऱ्या दिवशी शाळेत बोलतात. ‘तो तर चोरच आहे.’ ‘ती वस्ती म्हणजे पाचशेला मत विकणारी.’ त्या उमेदवाराचा पुतण्या किंवा त्या वस्तीतली मुलगी त्याच वर्गात बसलेली असते. आपण तावातावानं बोलून मोकळे होतो, मैत्री मात्र मुलांची तुटते. आपलं नंदिनी नगर एवढंसं. खाणीवर एका पाळीत काम करणारे, एकाच बाजारात भाजी घेणारेच पार्षदकीला उभे राहतात किंवा कुणाचा तरी प्रचार करतात. निकाल लागल्यावरही शेजार तोच राहतो.

म्हणून आधी कोणतं काम कुणाकडे आहे ते मुलांना नीट सांगू या. टाउनशिपमधलं क्वार्टर भिलाई इस्पात संयंत्राचं. त्याचं छत गळतं म्हणून पार्षदाला नावं ठेवणं अन्यायाचं आहे. आणि ‘निवडून आलो की क्वार्टर दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्याला ‘कोणत्या अधिकारात?’ हे विचारायलाच हवं. पालिकेच्या हद्दीतली नाली तुंबली, कचरा उचलला गेला नाही, तर तो हिशेब मात्र पार्षदाकडूनच घ्यायचा. उमेदवाराचं शपथपत्र मिळालं तर नववी-दहावीतल्या मुलांसोबत बसून वाचा. त्यात गुन्ह्याची नोंद दिसली, तर गुन्हा दाखल होणं वेगळं आणि दोषी ठरणं वेगळं, हे त्यांना याच वयात कळू दे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मुलींची. मार्च 2025 मध्ये आपल्याच छत्तीसगडमध्ये, कबीरधाम जिल्ह्यातल्या परसवारा ग्रामपंचायतीत, निवडून आलेल्या महिला पंचांऐवजी त्यांच्या नवऱ्यांनी शपथ घेतली. चित्रफीत देशभर फिरली, पंचायत सचिवाला निलंबित केलं गेलं. पण हे काही त्या एका दिवसात घडलेलं नाही. महिला उमेदवार दाराशी येते, हात जोडते, आणि आपण तिच्या खांद्यावरून मागे उभ्या नवऱ्याला विचारतो, ‘काय भैया, यंदा कसं काय?’ उंबऱ्यात उभी असलेली आपली लेक हे बघत असते. तिला आत पाणी आणायला पाठवू नका. प्रश्न त्या बाईंनाच विचारा, आणि नवरा मध्ये बोलला तर ‘भैया, त्यांना सांगू द्या’ असं लेकीच्या देखत म्हणा.

राग येऊ नये, असं मी म्हणत नाही. 2008 साली गुंडरदेहीच्या मतदारांनी, तेव्हा ते आपल्या दुर्ग जिल्ह्यातच होतं, मुदत संपायच्या आत पुन्हा मतदान करून नगर पंचायतीच्या अध्यक्षांना पदावरून खाली उतरवलं. कायद्यानं दिलेली ती वाट होती. घरातल्या रागालाही अशी रीतसर वाट असू दे. आजोबा एका पक्षाचे आणि बाबा दुसऱ्या पक्षाचे असतील, तर मुलांसमोर जरूर वाद घाला. फक्त जातीवर, बोलीवर, ‘इथले’ आणि ‘बाहेरचे’ यांवर गाडी गेली की घरातल्या कुणीही, अगदी धाकट्यानंसुद्धा, थांबवायचं आणि मोठ्यांनी थांबायचं, असं आधीच ठरवून ठेवा. आपली मराठी घरं इथं पिढ्यान्‌पिढ्या राहूनही ‘बाहेरचे’ हा शब्द ऐकतात. तो आपल्या तोंडून दुसऱ्या कुणासाठी निघू नये.

यंदा कुणी प्रचाराला आलं की पहिला प्रश्न मुलांना विचारू द्या. शाळेच्या रस्त्यावरच्या बंद दिव्याचा का असेना. आणि उमेदवार आपल्या पसंतीचा नसला, तरी त्याचं उत्तर मध्ये न तोडता पुरतं ऐकू या.